अधिक महिन्यातली दुलई

माझ्या सासूबाईंनी मला वीस वर्षं सुईला हात लावू दिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी त्यांच्या कापडाला माझा हात लागला तो कसा, हेच मला सांगायचंय.

त्यांचं नाव मालसुन. कोरियातल्या आन्दोंग शहराच्या वरच्या अंगाला आमचं खेडं. थंडी अशी की चुलीपुढनं उठावंसं वाटत नाही. गावातल्या एकूण एक म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर सासूबाईंच्या हातचा डगला असायचा. दोन कापडं, मध्ये कापूस, आणि वरून धावदोऱ्याच्या ओळी, तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढ्याच अंतरानं. असला एक डगला व्हायला अख्खा हिवाळा जायचा. शहरातल्या बायका गाडी करून यायच्या आणि ‘आजी, मशीनवर का नाही करत?’ म्हणून विचारायच्या. सासूबाई म्हणायच्या, ‘मशीनला थंडी वाजते का?’ आणि पुढं एक शब्द बोलायच्या नाहीत.

मी योंगदोकची, समुद्रकाठची. आमच्याकडे जाळी दुरुस्त करतात, डगले शिवत नाहीत. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात सासूबाईंनी माझ्या पुढ्यात कापड टाकलं. मी जीव ओतून एक ओळ घातली. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘ही ओळ आहे का कापडावरनं खेकडा चालत गेलाय?’ शिवायला जमलेल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, काय करणार? दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या बोटांतली सुई काढून घेतली आणि आपल्या सुयांच्या उशीत खुपसली. ‘राहू दे. तू आपली बाजारात जा.’

मग मी बाजारात मासे खारवायच्या दुकानात लागले. बांगडा उभा चिरायचा, आतडी काढायची, पोटात मूठभर मीठ चोळायचं, की पुढचा. ते मला छान जमतं, कुणीही विचारा. पण हातांना वास बसला तो बसलाच, आणि बोटांना भेगा पडल्या. सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. मी नुसती कापडाच्या दिशेनं वळले की त्या ओरडायच्या, ‘हात! हात!’ वीस वर्षं ऐकलं मी ते. राग यायचा हो. कुठं जाणार तो राग? बांगड्यांवर निघायचा.

आमची सेबोम उशिरा झाली. मी दुकानात, नवरा सफरचंदांच्या ट्रकवर, तेव्हा पोर वाढली ती आजीच्या मांडीवर. धड शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हा आजीनं तिच्या हातात सुई दिली. मी म्हटलं, ‘अहो आई, डोळ्यात घालून घेईल.’ तर म्हणे, ‘तुझ्या डोळ्यात घालेल, जा तू.’

आणि पोरीला आलं की! कापडातला एक धागा अलगद ओढून काढायचा, म्हणजे तिथं बारीक रेघ उमटते, त्या रेघेवरनं टाके घालत जायचं. मला दोन हिवाळ्यांत जमलं नाही ते हिला हसतखेळत जमलं. आजीसारखीच सुई केसांतनं फिरवायची, आजीसारखीच जीभ दातांत धरायची. पहिलं जाकीट तिनं आमच्या अंगणातल्या पिवळ्या कुत्र्याला शिवलं. ते बिचारं हिवाळाभर ते घालून गावभर मिरवलं, आणि येचॉनकाकू म्हणाल्या, ‘तुमच्या घरी कुत्र्याला डगला आणि सुनेला गोणपाट!’ ह्या येचॉनकाकू म्हणजे शेजारच्या. माहेर येचॉनचं म्हणून ते नाव. जीभ फार तिखट, पण अडीनडीला पहिल्या धावून येणाऱ्या.

सासूबाई शिकवताना एका गोष्टीत फार कडक होत्या. धाग्याला आधी गाठ, ओळ संपली की दोन उलटे टाके, आणि पुन्हा गाठ. ती गाठ दोन कापडांच्या मध्ये, कापसात लपवायची. ‘गाठ नाही ते शिवण कसलं? दिलेलं परत मागितल्यासारखं ते. आणि गाठ दिसली तर शिवणारीची लाज गेली.’ सेबोमची गाठ वर दिसली की तिच्या बोटांवर अंगुस्तानाचा टोला बसायचा. पुढं पुढं तिची गाठ मलाच काय, येचॉनकाकूंनाही सापडेना. आजी कापडावरनं बोट फिरवायची आणि ‘हं’ एवढंच म्हणायची. त्या ‘हं’साठी पोर जेवण विसरायची.

मला वाईट वाटायचं का? वाटायचं. माझ्या डोक्यावरनं ते सगळं माझ्या पोरीच्या हातात गेलं. दोघी खालून चुलीनं तापवलेल्या गरम जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, आणि मी दारात माशांचा वास घेऊन उभी. पण पोरगी आपलीच, आणि तिच्यावर जीव टाकणारी म्हातारीही आपलीच. कुणावर रुसायचं?

मग सासूबाई आजारी पडल्या. आधी जेवण तुटलं, मग डोळे गेल्यासारखे झाले, मग शहरातल्या डॉक्टरनं पोटाचे फोटो बघून माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. कॅन्सर सगळीकडे पसरला होता. येता वसंत दिसेल असं काही तो म्हणाला नाही. सासूबाई दवाखान्यात राहायला तयार नव्हत्या. ‘नळ्या लावून खुंटीला बांधायला मी काय गाय आहे? मला माझ्या जमिनीवर निजू द्या.’ आणलं घरी.

त्या साली अधिक महिना पानगळीत आला होता. माणूस गेल्यावर अंगावर घालायचे ते शेवटचे कपडे शिवायचे अधिक महिन्यातच, कारण त्या महिन्यात वर कुणाचं लक्ष नसतं म्हणतात, काही केलं तरी चालतं. जिवंतपणी शिवून ठेवलं तर माणसाला आयुष्य मिळतं असंही म्हणतात. म्हणून त्या दिवशी घरात रडारड नसते, उलट नूडल्स करायच्या, तांदळाच्या वड्या करायच्या, गावातल्या धडधाकट म्हाताऱ्यांना बोलवायचं. सासूबाईंनी आपलं वाखाचं कापड कधीचं पेटीत जपून ठेवलं होतं. बायका जमल्या. सदरा, घागरा, मोजे, सगळं वाटून घेतलं.

येचॉनकाकू म्हणाल्या, ‘आता मालसुनवहिनी शंभर वर्षं काही हलत नाही.’

‘मग नकाच शिवू,’ सासूबाई म्हणाल्या. ‘सुनेच्या हातचं सूप एवढी वर्षं कोण पिणार?’

सगळ्या खिदळल्या. मीही पळी उगारली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘दुलई सेबोम शिवेल.’

खोलीत एकदम सगळ्यांच्या सुया थांबल्या. शेवटच्या कपड्यांबरोबर एक दुलई असते, शवपेटीत माणसावर घालायची. ती शिवायला भरल्या घरातली पिकली बाई लागते. शाळेत जाणारी पोर नव्हे.

‘लेकराच्या हाती हे कापड?’ येचॉनकाकू म्हणाल्या. ‘वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?’

‘डोळे गेलेत, डोकं आहे. माझ्या हातात जे होतं ते सगळं हिच्या हातात गेलंय. मीच शिवतेय असं समजा. आयुष्यभर गावाला पांघरूण घातलं मी, माझ्या अंगावर मी कुणाचंतरी वाकडंतिकडं घेऊन जाऊ?’

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी सेबोमकडे बघितलं. ती आजीच्या पायाशी बसली होती, ओठ घट्ट मिटून. ‘मी शिवते,’ ती म्हणाली.

सासूबाईंनी चाचपत धागा घेतला आणि तिच्या हातात दिला. ‘लांब घे. मध्ये संपता कामा नये. आणि आज गाठ नाही. आधी नाही, शेवटीही नाही. उलटा टाकाही नाही. सरळ जायचं आणि धागा तसाच सोडून द्यायचा.’

‘गाठ नाही?’ सेबोम म्हणाली. ‘पण मग सुटेल ना आजी.’

‘सुटू दे.’

‘तूच तर म्हणतेस, गाठ नाही ते शिवण कसलं?’

‘ते जगणाऱ्यांच्या कापडाचं, बाळ.’

येचॉनकाकूंना राहवलं नाही. त्या सुई ओवता ओवता म्हणाल्या, ‘अगं, ह्या कापडात गाठ राहिली ना, तर जाणाऱ्याचा पाय त्यात अडकतो. इथं राहता येत नाही आणि पुढं जाताही येत नाही.’

‘जाताच येत नाही?’

‘नाही म्हणजे नाही.’

‘अजिबात?’

‘आता काय लिहून देऊ का तुला? शिव!’

सेबोम खाली मान घालून शिवायला लागली. दिवसभर मान वर केली नाही तिनं. नूडल्सचा वाडगा पुढ्यात गार झाला. बायका म्हणाल्या, काय पोर आहे, आजीची सावली आहे नुसती. दिवस मावळायच्या आत सगळं शिवून झालं पाहिजे असतं, तसं झालं. बायका वड्या बांधून घेऊन गेल्या, आणि सेबोम तिथंच जमिनीवर झोपून गेली.

मी भांडी आवरत होते. सासूबाईंनी हाक मारली, ‘सेबोमची आई, हात धुऊन ये. साबणानं. दोनदा.’

मी हात धुऊन आले. त्यांनी दुलई मांडीवर घेतली होती. माझं मनगट धरलं आणि माझं बोट कोपऱ्यावर टेकवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

‘काय लागतंय?’

‘काही नाही.’

‘मिठानं बोटं मेलीत तुझी. नीट चाचप.’

मी चाचपलं. कापसात खोल काहीतरी होतं, राईपेक्षाही बारीक. मला आधी कळेना, आणि मग कळलं. गाठ होती ती.

‘चारी कोपऱ्यांत आहेत,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मधल्या ओळींतही आहेत. येचॉनवालीच्या नाकासमोर बसून मारल्यात. कशा लपवल्यात बघ! मीच शिकवलं.’ त्या हसायला लागल्या, आवाज न करता, आणि हसता हसता त्यांच्या बंद डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

‘आई, मी उद्या काकूंना बोलावून काढून घेते.’

‘हात लावशील तर बघ! कुणी हात लावायचा नाही. तिनं मारल्यात, तीच सोडवील.’

‘आणि नाही सोडवल्या तर?’

‘सोडवील. तिला माया आहे.’ मग दुलईवरनं हात फिरवत म्हणाल्या, ‘मला जाऊ देऊ नये असं कुणालातरी वाटतंय, एवढं तरी मला अंगावर घेऊ दे की चार दिवस. तिला रागवायचं नाही. शब्द दे.’

मी शब्द दिला. दुलई घडी करून पेटीत ठेवली. आणि खोटं कशाला बोलू, पेटीचं झाकण लावताना माझ्या मनात आलं, माझ्यासाठी ही पोर अशी एक तरी गाठ मारेल का? लाज वाटली मला स्वतःची. पण आलं मनात.

त्यानंतर सेबोम किती आनंदात होती म्हणून सांगू! आजी वाळत चालली होती, तिला उठवून बसवायला दोघं लागायचे, आणि ही शाळेतनं येऊन तिच्याशी गप्पा मारायची, पुढच्या हिवाळ्यात कुणाला कुठल्या रंगाचा डगला शिवायचा ते ठरवायची. हिवाळ्यासाठी किमचीचं लोणचं घालायच्या दिवसांत मी एकदा मुळे चिरता चिरता रडत होते. ती आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या बाईसारखा. ‘आई, रडू नको. आजी जाणार नाहीये.’ कसली खात्री होती त्या आवाजात! मी म्हटलं, ‘कांद्यानं येतंय पाणी.’ तिथं कांदा नव्हताच.

नवं वर्ष लागलं. सासूबाईंनी त्या सकाळी सूप दोन चमचे घेतलं, तेच शेवटचं. मग दुखणं वाढलं. नर्स यायची, पाठीवर औषधाची पट्टी लावायची, ती काही दिवस पुरायची, मग पुरेना. हाडांवर नुसतं कातडं राहिलं. डॉक्टर आधी आज म्हणाले, मग उद्या म्हणाले, आणि म्हातारी जाईना. डोळे अर्धे उघडे, शुद्ध नाही, आणि घशातनं एक आवाज यायचा, एकसारखा. माझा नवरा ट्रक घेऊन निघून जायचा. त्याला ऐकवत नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. मलाही बाजारात पळून जावंसं वाटायचं.

सेबोम मात्र शाळा बुडवून तिथंच बसायची. पहिल्या पहिल्यांदा ती आजीच्या कानाशी बोलायची. मग बोलणं बंद झालं. मग एक दिवस आजीला कूस बदलून देताना आजी किंचाळली. शुद्ध नसलेलं माणूस असं किंचाळतं हे मला ठाऊक नव्हतं. सेबोमचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच दुपारी येचॉनकाकू पेज घेऊन आल्या. ओसरीवर बसून मला म्हणाल्या, ‘इतके हाल नाही गं बघवत. जायचं तर आहे, आणि जाता येत नाहीये वहिनीला. कशाततरी अडकलाय जीव.’

कागदी दाराच्या आत सेबोम बसली होती. काकूंना ते माहीत नव्हतं. मला होतं. मी काकूंच्या हातावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं.

काकू गेल्या. मी पेज चुलीवर ठेवली. परत आले तर सासूबाईंपाशी कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार सरकलेलं. ती खोली आम्ही तापवत नाही, नुसत्या पेट्या आणि बटाटे असतात तिथं. छपरावरचं बर्फ वितळून टपटपत होतं. सेबोम उघड्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसली होती, दुलई मांडीवर, हातात सुई. सुईच्या टोकानं ती एक एक गाठ कापसातनं वर काढत होती आणि सोडवत होती. कात्री शेजारी होती, पण तिनं धागा कापला नव्हता. नीट सोडवत होती, आजीला आवडलं असतं तसं.

मी दारात उभी राहिले. तिनं वर बघितलं नाही.

‘तुला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आजीला?’

‘आजीनंच मला दाखवल्या.’

तिचा हात थांबला. ‘मग ती मला ओरडली का नाही?’

‘तिला आवडल्या होत्या गं.’

सेबोमनं नाक बाहीला पुसलं आणि पुढची गाठ काढली. मग त्याच्या पुढची. पलीकडून तो आवाज येतच होता. मी जाऊन तिच्याजवळ बसले. थंडीनं तिची बोटं लाल झाली होती. डोक्याकडच्या डाव्या कोपऱ्यापाशी ती आली आणि थांबली.

‘ही पहिली होती,’ ती म्हणाली. ‘ही शेवटची राहिली.’

तिनं सुई टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली. ‘आई, ही सोडली की आजी जाईल. मी सोडली म्हणजे मीच…’ तिनं बाहीनं डोळे पुसले. ‘आणि नाही सोडली तर ती तशीच ओरडत राहील. मीच तिला अडकवलंय. मी काय करू? तू सांग ना, मी काय करू?’

आता मला सांगा, काय सांगायचं असतं अशा वेळी? गाठीबिठीनं काही होत नाही म्हणून सांगायचं? तिचा विश्वास बसला नसता, आणि माझाही बसत नव्हता त्या क्षणी. मला फक्त एवढं दिसलं, की ही पोर आज ही गाठ सोडवणार, आजी आज ना उद्या जाणार, आणि हिचं लग्न होईल, पोरंबाळं होतील, केस पांढरे होतील, तरी सुई हातात घेतली की हिला वाटणार, आजीला मी मारलं. ज्या हातांना आजीनं एवढं शिकवलं त्या हातांनी.

‘दे इकडे,’ मी म्हटलं.

‘तुला नाही येत!’

‘दे म्हणते ना!’

‘आजीनं सांगितलंय तू हात नाही लावायचा! तुझे हात… आई, सोड! आई!’

मी तिच्या बोटांतनं सुई ओढून घेतली. ती माझ्या अंगावर आली, मला गुद्दे मारले, दंडाला चावली. मी तिला कोपरानं मागं रेटलं आणि दुलईवर ओणवी झाले. हातांना सकाळच्या माशांचा वास होता. शब्द मोडला, हात न धुता मोडला. मला ती गाठ दिसेना, सापडली तर सुटेना, भेगांमध्ये धागा अडकायला लागला. मागनं सेबोम रडत होती, ‘नको, आई नको, एवढी एक राहू दे.’ शेवटी मी सुई आत घालून हिसका दिला. सुटली. पण धागा ओढला गेला आणि कोपऱ्यावर एक चुणी पडली. मी ती बोटानं सरळ करायला गेले तर आणखी वाकडी झाली.

‘कोणी सोडवली?’ मी वळून तिला विचारलं. तिचे दोन्ही दंड धरले. ‘सांग. कोणी सोडवली?’

ती माझ्याकडे बघत राहिली. असं तिनं माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

‘तू,’ ती म्हणाली.

‘हां. मी. ध्यानात ठेव.’

सासूबाई त्याच दिवशी दिवे लागायच्या आधी गेल्या. आवाज हळू हळू बारीक झाला, मग मध्ये मध्ये थांबायला लागला, मग पुन्हा आला नाही. नर्स सकाळीच म्हणाली होती, आज किंवा उद्या. मी ते सेबोमला पुढं एकदा सांगून बघितलं. तिनं ऐकून घेतलं. सासूबाई गेल्या तेव्हा तिनं आजीचा हात धरला होता आणि मी पायांशी बसले होते. रडण्याच्या आधी तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंसाठी मी खूप रडले. लोकांना नवल वाटलं, जन्मभर टोमणे खाल्लेली सून इतकी कशी रडते. मला त्यांना सांगायचं होतं, आई, शब्द मोडला, माफ करा, पण तुमच्याच नातीसाठी मोडला. तेवढं बोलायला मिळालं नाही.

अंत्यविधी करतात तिथं त्यांना नेलं, तिथल्या माणसानं त्यांना ते कपडे घातले, आणि वरून दुलई घातली. डोक्याकडच्या डाव्या कोपऱ्याला ती चुणी होती. एवढ्या सुरेख ओळींत ती तेवढीच उठून दिसत होती, खेकडा चालत गेल्यासारखी. सेबोमला दिसली. तिनं ती सरळ करायला हात पुढं केला, आणि मग मागं घेतला. तशीच चुणी घेऊन सासूबाई गेल्या. त्यांच्या कापडाला माझा हात लागला तो एवढाच.

त्यानंतर घर शांत झालं. सेबोम शाळेत जायची, आली की आजीच्या जागेवर बसून शिवायची. आजीचा अर्धा राहिलेला डगला तिनं पुरा केला. माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवू का, मीठ दे, बाबा कधी येणार. मी कापडाच्या जवळ गेले की ‘हात’ म्हणायची नाही. कापड उचलून दुसरीकडे ठेवायची, एवढंच. नवरा म्हणाला, वय आहे, होईल नीट. मी म्हटलं, होईल.

पुढचा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. येचॉनकाकूंनी आपले शेवटचे कपडे काढले शिवायला, आणि दुलईसाठी सेबोमलाच बोलावलं. कुणी म्हणालं नाही की लेकराच्या हाती कसं. सगळी दारं उघडी टाकून बायका बसल्या होत्या. सेबोम आता माझ्या कानाला लागत होती. लांब धागा घेऊन सरळ शिवत चालली होती, गाठ नाही, उलटा टाका नाही. मी स्वयंपाकघरात नूडल्स गार पाण्यात धुवत होते.

काकू ओरडल्या, ‘सेबोमची आई, तूही शिवून टाक गं तुझे, पोर हाताशी आहे तोवर. लग्न होऊन गेली की मग बसशील वाट बघत.’

‘मला कशाला दुलई?’ मी म्हटलं. ‘बांगड्यासारखं मीठ लावा आणि टोपलीत ठेवा, झालं.’

बायका हसल्या. सेबोम हसली नाही. शिवता शिवता, मान वर न करता, ती म्हणाली, ‘शिवीन की. तुझ्या दुलईत मी एकही गाठ मारणार नाही.’

‘शहाणी गं पोर!’ काकू म्हणाल्या. ‘रीत कशी पक्की शिकवलीय मालसुनवहिनीनं!’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

रीत तीच आहे. तिनं ते रीत म्हणून म्हटलं नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मला कळत होतं.

‘नको मारूस,’ मी म्हटलं, आणि नूडल्स वाडग्यांत वाढायला घेतल्या.